काडीवरून काडीवर नाही

अर्चना, मी हल्ली उशाशी थर्मामीटर ठेवून झोपते. संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी तो जिभेखाली धरते आणि पंख्याकडे बघत उभी राहते. आई विचारते, "अंग गरम लागतंय का?" मी मान हलवते. ताप नसतोच. पण तो नाही हे बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

तू असतीस तर हसली असतीस. "ए कॉन्व्हेंट, बोलायला तुझं तोंड उघडत नाय, अन् नळी धरायला बरं उघडतंय!"

लोक म्हणतात, मैत्रीण गेली, रडून घे, मोकळी हो. मला रडता येत नाही. रडायलासुद्धा आधी थोडं निर्धास्त असावं लागतं. तू गेल्यापासून मला फक्त भीती वाटते, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावी ते कळत नाही. एरवीही मी सगळं तुलाच सांगायचे. म्हणजे मी सांगायचे असं नाही, तू काढून घ्यायचीस.

सलीमभाईंच्या दुकानात मला तूच नेलंस. कंपनीची बस आपल्याला पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर सोडायची. तिथून मी उजवीकडे आमच्या फ्लॅटकडे आणि तू डावीकडे तुझ्या भाड्याच्या खोलीकडे. एकाच सेक्शनला समोरासमोर बसूनही तोवर आपण कामापलीकडे बोललो नव्हतो. त्या दिवशी बसमधून उतरल्यावर तू माझ्या बॅगेचा पट्टा धरलास. "चल, तुला जपानला नेते. चालतच."

जपानी म्हणजे मोठ्या हॉटेलात, थंडगार एसीत, मांडीवर नॅपकिन पसरून, असं माझ्या डोक्यात होतं. तू मला झेरॉक्सवाला आणि इन्व्हर्टर-बॅटरीवाला यांच्या मधल्या एका गाळ्यासमोर उभं केलंस. रिक्षांचे हॉर्न थेट ताटलीत येऊन पडतील इतकं रस्त्याला लागून. दारात मधोमध चिरलेला निळा पडदा. आत एक लांब फळी, तिच्यासमोर सहा स्टुलं आणि फळीपलीकडे पातेल्याच्या वाफेत सलीमभाई. भिंतीवर मराठीत रंगवलेलं: रामेन, करी-भात, ग्योझा. ग्योझाखाली कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'जपानी मोमो'. कॉलेजची मुलं होती, गॅरेजमधले हात न धुता आलेले दोघं होते. आपल्यासारख्यांच्या पगारात आठवड्यातून एकदा सहज बसेल असं जेवण.

तू जेवायच्या दोन काड्यांत पहिला ग्योझा उचललास, डोळ्यांसमोर धरून फिरवलास आणि जाहीर केलंस, "हे तर वाफवलेलं कानवलं हाय! माझी आई नागपंचमीला करती."

"हौ ना?" सलीमभाई म्हणाले. "फिर अम्मी को लाओ एक दिन. मुकाबला हो जाने दो."

"ती नाय यायची. तिला बसस्टँडवरचा चहा बी परदेशी वाटतो."

सगळे हसले. मीसुद्धा, पण खाली बघून.

मी बोलत नसले तरी बघते, हे तुला माहीत होतं. सलीमभाईंच्या हाताला भाजल्याचे जुने डाग आहेत, ते मी पहिल्याच दिवशी बघितले. औद्योगिक वसाहतीत एक मोठा कारखाना उभा राहत होता तेव्हा जपानी इंजिनिअरांच्या गेस्ट हाऊसला ते स्वयंपाकाला होते, आणि सगळं तिथंच शिकले, हे तू त्यांच्याकडून काढून घेतलंस. त्या दुकानाचा एकमेव कायदा मात्र आपल्याला दोघींच्या चुकीनं कळला.

शेवटचा ग्योझा उरला होता. तू तो काडीनं उचलून माझ्याकडे केलास, जसा आपल्याकडे घास देतात तसा. मी घाईघाईत माझ्या काड्या पुढे केल्या, तुझ्या काडीवरून माझ्या काडीवर घ्यायला. आणि फळीवर पळी आपटली. टक्.

"नक्को! काडी से काडी नक्को. ताटलीत ठेव, फिर उठाव."

माझ्या कानशिलांना घाम फुटला. शाळेत इंग्रजी सोडून दुसरं काही बोललं की बाईंची पट्टी अशीच टेबलावर वाजायची. तू मात्र शांतपणे विचारलंस, "कामून?"

सलीमभाईंनी गॅस बारीक केला. गेस्ट हाऊसला एक वयस्कर साहेब होते, त्यांची बायको तिकडे वारली. जाऊन, सगळं उरकून साहेब परत आले, तेव्हा चहा पिता पिता त्यांनी सलीमभाईंना सांगितलं की त्यांच्याकडे दहनानंतर घरचे लोक काड्यांनी हाडं उचलतात. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं त्याच्या काडीवरून आपल्या काडीवर घ्यायचं आणि भांड्यात ठेवायचं. काडीवरून काडीवर काही जातं ते फक्त तेव्हा. "साहब दोनों हाथ ऐसे आगे करके बैठे थे," सलीमभाई म्हणाले, "चाय ठंडी हो गई. तबसे मेरे दुकान में नक्को."

"आमच्यात हातानंच सावडतात," तू म्हणालीस.

"हमारे यहाँ तो मिट्टी. अपना अपना है बेटा. पर जिसका खाना, उसका कायदा."

तुला ते पटलं. पुढच्या वेळेपासून तू ग्योझा माझ्या ताटलीत टाकायचीस, कधीकधी दुरूनच, नेम धरून. मी मात्र काड्या ताटलीवर ठेवतानाही त्या तुझ्या काड्यांना लागत नाहीत ना, ते बघायला लागले. तुला त्याचीच मजा वाटायची. तुला माझ्या सगळ्याच भीतीची मजा वाटायची. मी रस्ता ओलांडताना तुझी ओढणी धरते, मी फोन वाजला की आधी तो वाजायचा थांबायची वाट बघते, 'एकोणसत्तर' ऐकलं की इंग्रजीत ते किती याचा फळीखाली बोटांवर हिशेब करते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मला काय खायचंय ते सलीमभाईंना मी कधीच सांगत नसे. तुझ्या कानात सांगायचे, मग तू ओरडायचीस.

एकदा तू म्हणालीस, "भीती ही तुमच्या फ्लॅटमधल्या लोकांची करमणूक हाय. आमच्याकडं टाइम नाय तेवढा."

मला ते लागलं होतं. मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे उत्तर होतं, अर्चना. आता देते.

तू मला दौलताबादला घरी नेलं होतंस. पेरूच्या बागेत तुझ्या आईनं माझ्या ओढणीत मावेनात इतके पेरू घातले, मग आपण किल्ल्यावर गेलो. अंधारी म्हणतात त्या भुयारात पुढच्या माणसानं बॅटरी विझवली आणि वटवाघळांचा वास एकदम अंगावर आला, तेव्हा तू माझं मनगट धरलंस. जन्मापासून त्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेली तू. इतकं घट्ट धरलंस की बाहेर उजेडात आल्यावर माझ्या हातावर माझ्याच कड्याचा वळ होता. तू हात सोडलास आणि वर आभाळाकडे बघत म्हणालीस, "वटवाघळं लई झालीत यंदा."

मीही म्हणाले, "हो, खूप."

ते मी नंतर कधी काढलं नाही, सलीमभाईंच्या दुकानात तू सगळ्यांसमोर माझी टर उडवत असतानाही नाही. तुझी भीती मला माहीत होती आणि ती मी नीट ठेवली होती. माझं उत्तर एवढंच होतं. ते तुझ्या तोंडावर फेकायचा नव्हे, कधीतरी हळूच तुझ्या हातात द्यायचा माझा विचार होता.

आता त्या संध्याकाळबद्दल. ती टाळत टाळत मी इथवर आलेय.

तू आत शिरतानाच सांगितलंस, "आज तू सांगायचं. मी मुकी." आणि खरोखर हाताची घडी घालून बसलीस. सलीमभाईंनी विचारलं, "क्या बनाऊँ?" मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. शेजारच्या स्टुलावरचा माणूस आपल्याकडे बघायला लागला. तू माझ्या पायावर पाय दिलास. शेवटी सलीमभाईच म्हणाले, "हमेशा का देतू मैं," आणि कढई चढवली.

ताटली आली तरी तू चिडलेलीच होतीस. "कशाला भेतीस एवढी? काय होईल? चुकीचं आलं तर चुकीचं खाऊ."

"मला माहीत नाही."

"बघ, मी दाखवते काय होतंय ते." सलीमभाई पाठ करून भांडं विसळत होते. तू ग्योझा काडीनं उचललास आणि माझ्यासमोर धरलास. "घे. काडीवर घे. घे म्हणते ना."

"अर्चना, नको."

"पडंल बघ. माझा हात दुखायलाय."

तो खरंच निसटत होता. मी काड्या पुढे केल्या आणि घेतला. तुझ्या काडीवरून माझ्या काडीवर. तू इकडेतिकडे बघितलंस, वर छताकडे बघितलंस, स्टुलाखाली वाकून बघितलंस. "झालं काय? आली का वीज पडून?" आणि इतक्या मोठ्यानं हसलीस की सलीमभाई वळले. त्यांना काय झालं ते कळलं नाही. मीही हसले. तुझ्याबरोबरचं माझं शेवटचं हसणं ते.

मग तुला ताप आला. आधी तू अंथरुणातून विनोद पाठवत होतीस. मग दवाखान्यातून फक्त अंगठा. मग फोन तुझ्या भावानं उचलला.

मी विज्ञान शिकलेय. डास, विषाणू, रक्तातल्या पेशी, हे सगळं मला चांगल्या इंग्रजीत समजावून सांगता येतं. आरशासमोर उभं राहून मी स्वतःला ते सांगितलंही. पण त्या साहेबांच्या गोष्टीत हाड देणारा एक असतो आणि घेणारा एक. देणारी गेली. घेणारी मी आहे. हे वाक्य एकदा डोक्यात आलं ते आलं, मग ते इंग्रजीत नव्हतं की मराठीत नव्हतं, नुसतंच होतं. त्यानंतर मी थर्मामीटर आणला. सलीमभाईंच्या दुकानावरून जायचं सोडलं आणि बससाठी लांबच्या वळणानं जायला लागले. दोन काड्या एकमेकींना लागलेल्या कुठंही दिसल्या, अगदी देवापुढच्या उदबत्त्या जरी, तरी मी त्या वेगळ्या करायला धावायचे.

मग परवा तुझी आई आली.

तुझी खोली रिकामी करायला आली होती, एकटीच. मला तिचा फोन आला आणि मी तो पहिल्या घंटीला उचलला, बघ. गादी बांधून झाली होती, कुकर पोत्यात गेला होता. काकू खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तुझ्या काड्या होत्या, सलीमभाईंनी तुला दिलेल्या. तू खोलीत शेंगदाणे उचलून सराव करायचीस ना, त्या.

"हे काय हाय गं? विणायच्या सुया म्हणावं तर टोक नाय."

मी सांगितलं. कुठलं दुकान, काय मिळतं, तू तिथं काय खायचीस.

"कानवल्यावानी लागतं म्हणली व्हती फोनवर," काकू म्हणाल्या. "मी म्हणले, जपानात कुठले आले कानवले." त्यांनी काड्या पदरानं पुसल्या. "ने मला तिथं."

"काकू, ते बाहेरचं... तुम्हाला नाही आवडायचं."

"आवडायला कोण चाललंय? चल."

अर्चना, मी नाही म्हणू शकले असते तर म्हटलं असतं. त्या रस्त्यानं जाताना मी दोनदा उगाच थांबून चप्पल नीट केली. मला वाटत होतं, मी आता तुझ्या आईलाही त्या फळीपाशी नेऊन बसवतेय, तुझ्याच काड्या हातात देऊन. हिला काही झालं तर? मला काही झालं तर? निळ्या पडद्यापाशी मी थांबले. काकू पडदा सारून आत गेल्या, गोठ्यात शिरावं तशा सहज.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग काकूंच्या हातातल्या काड्यांकडे. त्यांना कळलं. त्यांनी फक्त फळी पुन्हा एकदा पुसली, स्वच्छ असलेली. "बसा ताई."

काकू माझ्याकडे बघत होत्या, कारण त्यांना तिथलं काही माहीत नव्हतं, आणि तू नव्हतीस.

"दोन ग्योझा," मी म्हणाले. "कोबी-गाजराचे. आणि एक करी-भात, तिखट कमी."

सलीमभाई कढईकडे वळले. तू ऐकायला हवं होतंस. विशेष काही झालं नाही, पण तू ऐकायला हवं होतंस.

ताटली आली. काकूंना काड्या कशा धरायच्या ते मी दाखवायला गेले, तर त्यांनी दोन्ही काड्या चिमट्यासारख्या मुठीत धरून ग्योझा पहिल्या फटक्यात उचललासुद्धा. चुलीतला निखारा उचलावा तसा. डोळ्यांसमोर धरला. फिरवला. अगदी तुझ्यासारखा.

"व्हय गं. कानवलंच हाय हे."

आणि त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "घे. तिच्या वाटणीचं तू खा आधी."

माझ्या हातात माझ्या काड्या होत्या, आणि त्या सवयीनं वर उचलल्या गेल्या. मला दिसत होत्या त्या, तुझ्या काड्यांच्या समोर येताना. सलीमभाईंची पळी हवेत थांबली. या वेळी ती आपटली नाही. काकूंच्या काड्यांतून ग्योझा निसटायला आला होता.

मी माझ्या काड्या खाली ठेवल्या आणि तोंड उघडलं.

काकूंनी घास माझ्या तोंडात घातला. तो भयंकर गरम होता, आतली वाफ बाहेर आली आणि माझी जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबेना. सलीमभाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि तोंड फिरवून पातेल्यात काहीतरी ढवळायला लागले.

"पळी कामून थांबली तुमची?" काकूंनी विचारलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, ते तुझ्यात त्यांच्याकडूनच आलं होतं.

सलीमभाईंनी सांगितलं, मराठीत, अडखळत. साहेब, त्यांची बायको, हाडं, काड्या. मला वाटलं काकू उठून जातील. त्या ऐकत राहिल्या.

"आईला उचलू देतात का तिकडं?"

"हौ ताई. आईला बी. सगळे मिळून उचलतात."

काकूंनी हातातल्या काड्यांकडे बघितलं. "मला नाय नेलं सावडायला. बायांनी येऊ नये म्हणले. घरात बसून व्हते मी." मग काड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "चांगली रीत हाय."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पोळलेल्या जिभेनं, नीट उच्चारही येत नव्हते. त्या संध्याकाळचं, तू धरलेला ग्योझा, मी घेतलेला, आणि घेणारी मी आहे तेही.

"येडी हाय का तू?" काकू इतक्या जोरात म्हणाल्या की पलीकडच्या स्टुलावरचा मुलगा दचकला. "डासानं ताप येतो. त्या घरावरचं पाण्याचं टाकं उघडं व्हतं, मी दोनदा सांगितलं व्हतं तिला झाकण बघ म्हणून. काडीनं मरतंय का कोणी? एवढी शिकलेली पोरगी!" मग भाताचा घास उचलता उचलता आवाज खाली आला. "तिच्या काडीवरून तू घेतलंस ना?"

"हो."

"मंग झालं. खाली तर पडलं नाय."

आम्ही सगळं संपवलं. काकूंनी करीत मीठ कमी असल्याचं सलीमभाईंना सांगितलं, आणि सलीमभाईंनी ते ऐकून घेतलं. निघताना काकूंनी काड्या धुऊन मागितल्या आणि पिशवीत ठेवल्या. "शेंगदाणे उचलून बघते," म्हणाल्या.

माझी भीती गेली असं तुला सांगत नाही. तू लगेच ओळखशील. आज रस्ता ओलांडताना मी अनोळखी बाईच्या ओढणीकडे हात नेला होता. पण परवा घरी आल्यावर काय झालं ते सांगते. मी चप्पल काढली, उशाशी ठेवलेला थर्मामीटर काढला आणि जिभेखाली धरला, तर जीभ अशी चुरचुरली की तो धरवेना. पुन्हा धरून बघितला, धरवेना. मी तो परत डबीत ठेवला.

मग आईला म्हणाले, चहा थोडा गार करून दे.